बोक्याच्या नाकावर सूज, क्रिप्टोकोकस निघालंय, सहा महिने गोळ्या म्हणतेत, बरा होतो का?

बोकेवाली_नांदेड
आमचा बोका चार वर्षांचा. दोन महिन्यांपासून सारखा शिंकायलाय, एकाच नाकपुडीतून घट्ट शेंबूड, कधी रक्त, मग नाकाच्या दांडीवर सूज. आधीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन, चार दिवस एकदम छान अन् मग दुपटीनं फुगलं. दुसऱ्यांनी गाठीत सुई घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर क्रिप्टोकोकस बुरशी. फ्लुकोनॅझोल म्हणजे बुरशीच्या गोळ्या सहा महिने तरी द्या म्हणलेत. घरी लेकरू तीन वर्षांचं, सासूबाई म्हणतेत त्याला लागंल, बोका शेतात सोडून या. झोप नाही मला. कुणी काढलंय का यातून मांजर?

उदगीरकर_77
ताई सोडू नका हो, बरा होतो. आमच्या मांजरीला हेच झालतं, जुनं माळवदाचं घर, वर पारव्यांची वस्ती. दोन महिन्यांत नाक सपाट झालं म्हणून मी गोळ्या बंद केल्या अन् दीड महिन्यात परत सूज, ते माझ्या जिवाला अजून लागतं, मग सलग दहा महिने दिल्या. नाक चांगलं दिसलं म्हणजे बुरशी गेली असं नसतंय. गोळीचा तुकडा तुपात बुडवून जिभेच्या मागं टाका, वरून सिरिंजनं थोडं पाणी, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. आज पाच वर्षं झाली, ठणठणीत आहे.

पशुवैद्य_परभणी
लेकराला बोक्याकडून लागत नाही, बोक्याला अन् माणसाला दोघांनाही धोका पारव्याच्या वाळलेल्या शिटातल्या धुळीचा. कोरडं झाडू नका, आधी पाणी मारा, मास्क बांधा, अन् घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांना त्या कामाला लावू नका. ओरखड्यातून माणसाला लागते ती स्पोरोट्रायकोसिस, ती बुरशी वेगळी, म्हणून सुईनं नमुना बघितला ते फार बरं झालं. स्टिरॉइडनं सूज उतरते पण अंगाची लढायची ताकदही दबते, तेच झालंय तुमच्याकडं.
ही बुरशी डोळ्यात अन् मेंदूतही जाऊ शकते, फ्लुकोनॅझोल तिथंही पोचतं म्हणून ते आधी. इट्राकोनॅझोल दिलं तर जेवणासोबत, अन् लिव्हरची रक्ततपासणी मधेमधे. मेडिकलवाल्यानं स्वस्त म्हणून किटोकोनॅझोल दिलं तर मांजराला देऊ नका. चाल डगमगली, डोळ्याची बाहुली मोठी दिसली, वस्तूंना धडकायला लागला तर त्याच दिवशी दाखवा, मग अ‍ॅम्फोटेरिसिन बी नावाचं बुरशीचं औषध लागू शकतं, ते किडनीला जड म्हणून देखरेखीतच. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या दोन विषाणूंची टेस्ट करून घ्या. औषध कधी थांबवायचं ते रक्तातल्या अँटिजेनच्या टायटरवर, म्हणजे बुरशीचे अंश रक्तात किती उरलेत त्यावर ठरवा. परभणी, उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवता येईल.

शेरूचा_बाप_लातूर
कुत्रेवाल्यांसाठी पण लिहितो. आमच्या शेरूच्या एकाच नाकपुडीतून रक्त यायचं, नाकाचा काळा रंग उडून गुलाबी चट्टा पडला, आम्ही काटा लागला समजून तीन महिने घालवले. एस्परजिलस नावाची बुरशी होती. भूल देऊन नाकात क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध तासभर भरून ठेवलं, दोनदा करावं लागलं, तेव्हा थांबलं.

बोकेवाली_नांदेड
खूप आधार वाटला. सासूबाईंना परभणीच्या डॉक्टरांचं वाचून दाखवलं, त्या म्हणल्या मग पारव्यांची जाळी आधी लावा. आज गच्चीवर पाणी मारून घाण काढली. संध्याकाळची गोळी तुपातून गेली, वजन 3 किलो 200, दर रविवारी लिहून ठेवते.