पन्नाशीत निवृत्ती, मग संथ जगभ्रमंती: पहिला मुक्काम कुठे?

प्रश्न (भुसावळ): एकेका गावात दोन-तीन महिने राहायचंय. कुठून सुरुवात करू? बँकेच्या ओटीपीचं काय?

उत्तर १: भाऊ, व्हिएतनाम. ई-व्हिसा ९० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर. अर्जातलं नाव पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींशी ताडून बघा. वडिलांचं नाव गळलं की विमानतळावरच अडकाल.

उत्तर २: युरोप नंतर. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कोणत्याही १८० दिवसांत ९०च, देश बदलला तरी मोजणी तीच चालू राहते.

उत्तर ३: सिम सोबतच न्या, रोमिंग निघण्याआधीच सुरू करा. कपाटात ९० दिवस पडून राहिलं तर नंबर बंद होऊ शकतो. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मात्र नेऊ नका, कडू होतं. वांगी तिकडेही मिळतात, भरीत होईल!