कुटुंबाच्या गाडीला ॲडजस्टेबल सस्पेन्शन बसवावे का?

प्रश्न

आमच्या घरी एकच गाडी आहे, पाच आसनी हॅचबॅक. तिचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर ९० हजार किलोमीटरहून अधिक चालले आहेत. पाच जण बसले आणि डिकी भरली की मागची बाजू खाली बसते, वळणावर गाडी कलते, आणि मागे बसलेल्या मुलांना लांबच्या प्रवासात मळमळते. नाहीतरी शॉक बदलायचेच आहेत, तर उंची आणि कडकपणा दोन्ही कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर संच (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेली जोडणी) का बसवू नये, असा विचार मनात आहे. गाडी साधारण ३५ मिलिमीटर खाली घ्यावी, एकटा असताना सस्पेन्शन कडक ठेवावे आणि कुटुंब बरोबर असेल तेव्हा मऊ करावे, अशी कल्पना आहे. ज्यांनी रोजच्या वापरातल्या गाडीला असा संच बसवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात ‘कडकपणा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे, आणि बहुतेक निराशा याच ठिकाणी सुरू होते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉक वजन पेलत नाही. स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे काम तो करतो. संचावरची कळ फिरवल्याने शॉकचा अटकाव बदलतो, स्प्रिंग जशीच्या तशी राहते. त्यामुळे संचाबरोबर आलेली कडक स्प्रिंग कळ कितीही सैल केली तरी कुटुंबासाठी मऊ होणार नाही. उलट अटकाव कमी पडल्याने गाडी उड्या मारू लागेल.

कडक म्हणजे नेमके किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. पुढच्या एका चाकावर गाडीच्या अंगाचा ३०० किलो भार आहे आणि चाकाच्या ठिकाणी मोजलेला स्प्रिंगचा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे असे धरले, तर गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा वर-खाली डोलते. कौटुंबिक गाड्या साधारण १ ते १.५ या पट्ट्यात ठेवलेल्या असतात. तीच स्प्रिंग ६० न्यूटनची झाली की हा आकडा २.२५ वर जातो. स्पर्धेच्या ट्रॅकवर त्याचे कौतुक होईल, पण मागच्या आसनावर झोपलेल्या मुलाला रस्त्यावरचा प्रत्येक सांधा जाणवेल. शिवाय तिप्पट कडक स्प्रिंग तितक्याच प्रमाणात आवरायला सुमारे १.७ पट अटकाव लागतो, आणि तो देण्याइतका शॉक चांगला असेलच याची खात्री स्वस्त संचात नसते.

मळमळीबद्दल आवर्जून सांगावेसे वाटते. माणसाला सर्वांत जास्त मळमळते ती साधारण पाच सेकंदांत एकदा येणाऱ्या संथ हेलकाव्यांमुळे. असे हेलकावे मुख्यतः वळणे, ब्रेक आणि वेग यांच्या चढउतारांतून येतात. थकलेले शॉक बदलल्याने गाडीचे लोंबकळणे थांबेल आणि थोडा फरक नक्की पडेल. तथापि मुलांच्या त्रासावरचा खरा उपाय वळणापूर्वीच वेग उतरवणे आणि ब्रेक हळुवारपणे सोडणे हा आहे. त्यासाठी गाडी खाली घेण्याचा काहीही उपयोग नाही.

प्रतिसाद २

मी माझ्या कौटुंबिक गाडीला असा संच बसवला आणि तीन वर्षे वापरला, म्हणून थोडी दुसरी बाजूही मांडतो. चांगला संच, मध्यम स्प्रिंग आणि जपून केलेले काम असेल, तर गाडी मूळच्यापेक्षा अधिक स्थिर वाटते आणि चालवायला आनंद देते. माझी चूक संच निवडण्यात झाली नव्हती, बसवण्यात झाली होती.

गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना, कारागिराने लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) सगळे बोल्ट पूर्ण आवळले आणि मीही ते पाहत उभा होतो. त्या सांध्यातल्या बुशमधले (रबरी गाभ्याच्या नळीतले) रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. गाडी जमिनीवर उतरली तेव्हा ते कायमचे पिळलेल्या स्थितीत राहिले आणि वर्षभरात फाटले. हे बोल्ट आधी हलके लावावेत, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर, म्हणजे ती नेहमीच्या उंचीला असताना, टॉर्क रेंचने आवळावेत. हे कारागिराला काम सुरू होण्यापूर्वीच सांगा.

तेवढ्यातच टॉप माउंट (शॉकचे वरचे टोक गाडीच्या अंगाला धरणारा आधार), त्याचे बेअरिंग आणि धूळरोधक रबर नवीनच घाला, कारण ते जुनेच ठेवले तर सगळी उकल पुन्हा करावी लागते. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबावरच्या) पट्टीत नीट अडकवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि चाक पूर्ण लोंबकळत ठेवून, ती ताणली जात नाही ना हे स्वतः पाहा. आणखी एक कळकळीची विनंती: मूळ स्ट्रटचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कोणीही सोडू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद असते.

उंची बदलायच्या कड्यांचे आटे चिखल आणि ओलाव्याने गंजतात. मी दर सहा महिन्यांनी ते ब्रशने साफ करून गंजरोधक लावत असे. एक पावसाळा हे राहून गेले, तेव्हा मागचे एक कडे कायमचे जाम झाले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गाडीखाली जाऊन पाहिले. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळू शकणारी तुळई) असून स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी आहेत. दुकानदाराच्या मते, खालचे कडे फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली की ती कडक होते, त्यामुळे सामान भरल्यावर मागची बाजू बसणार नाही. हे बरोबर आहे का? आणि ३५ मिलिमीटर खाली घेण्यात नेमका धोका कोणता?

प्रतिसाद ३

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एकसमान दराच्या स्प्रिंगला आधी दाबून ठेवले तरी तिचा दर बदलत नाही. गाडीचे वजन त्या पूर्वदाबापेक्षा बरेच जास्त असल्याने कडे फिरवल्यावर गाडी फक्त वर उचलली जाते. सामान टाकल्यावर ती पूर्वीइतकेच मिलिमीटर खाली बसते, मात्र वरच्या पातळीवरून. मागच्या प्रत्येक चाकावर १०० किलो वाढले, तर २० न्यूटनची स्प्रिंग सुमारे ४९ मिलिमीटर दबेल आणि ५० न्यूटनची सुमारे २०. बसणे खरोखर कमी करायचे असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, किंवा मूळ स्प्रिंगला हवेच्या पिशवीसारखा पूरक आधार द्यावा लागतो. असा आधार भारापुरता फुगवता येतो आणि घरी परतल्यावर हवा कमी करता येते. तुमच्या गरजेला मला तोच जास्त जुळणारा वाटतो, कारण तुमची अडचण कायमची नसून भार असतानाची आहे. अर्थात कंपनीने ठरवलेली भाराची मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

आता ३५ मिलिमीटरविषयी. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये मूळ उंचीला लोअर आर्मचे बाहेरचे टोक सहसा आतल्या टोकापेक्षा थोडे खाली असते. गाडी खाली आली की ही आर्म आडवी होते आणि आणखी खाली घेतल्यास उलटी कलते. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणावर कलते, तो बिंदू गाडीच्या अंगापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो आणि कलवणारी तरफ लांब होते. म्हणूनच केवळ खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग तेवढ्याच दराची असेल तर, वळणावर कमी नव्हे, जास्तही कलू शकते. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडल्यामुळे खड्ड्यावर चाक आपोआप किंचित वळते, आणि हातात सतत सावरण्याचा थकवा येतो.

त्यातच स्प्रिंगला दबायला मिळणारे अंतर कमी होते. पाच जण बसलेले असताना मागचा शॉक आधीच बंप स्टॉपजवळ (दबणे शेवटी रोखणाऱ्या रबराजवळ) पोहोचलेला असतो. त्यानंतर येणारा धक्का स्प्रिंग न घेता थेट गाडीचे अंग घेते. चाकाला खाली लोंबायला किती अंतर मिळते, तेही तपासावे लागते: ३०० किलोखाली २० न्यूटनची स्प्रिंग सुमारे १४७ मिलिमीटर दबलेली असते, ६० न्यूटनची जेमतेम ४९. म्हणजे मोठ्या खळग्यावर चाकाला खाली जायला फारच थोडी जागा उरते.

संच बसवलाच, तर कळ लावण्याची पद्धत अशी ठेवा. आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, तेथून उलट मोजत मध्यावर आणा, आणि एकाच आसावरच्या दोन्ही बाजू समान ठेवा. मग ओळखीच्या रस्त्यावर एका वेळी कळीचे दोनच खटके बदला. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी हळूहळू खाली खाली बसत गेली, तर स्प्रिंगला उलगडायला वेळ मिळत नाही असे समजा आणि कळ सैल करा.

प्रतिसाद १

एक भर घालतो. उंची बदलल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक आत-बाहेर वळलेले असणे) दोन्ही बदलतात, त्यामुळे व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. पण स्प्रिंगा बसायला थोडे दिवस द्या आणि काहीशे किलोमीटर चालवून ती पुन्हा तपासा. पुढचे दिवे पुन्हा जुळवा. काचेमागे मार्गिका पाहणारा कॅमेरा असेल, तर तोही नव्या उंचीला कॅलिब्रेट करावा लागतो. विमा कंपनीला लेखी कळवणे आणि आपल्याकडचे वाहन फेरफाराचे नियम पाहणे, ही कामे संच मागवण्याआधीची आहेत.

प्रश्नकर्ता

विचार बदलला आहे. पुढे-मागे मूळ मापाचे दर्जेदार शॉक, नवीन टॉप माउंट आणि बंप स्टॉप घालीन, मूळ स्प्रिंगा तपासून तशाच ठेवीन, आणि मागे हवेचा पूरक आधार बसवीन. काम झाल्यावर गाडी मूळ उंचीला आहे हे कसे मोजावे, एवढेच सांगा.

प्रतिसाद ३

जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. गाडी सपाट जागी उभी करून, काही मीटर पुढे-मागे ढकलून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजा, आणि हे माप काम सुरू होण्याआधीही टाकीत तेवढेच इंधन असताना घेऊन ठेवा. नवे रबर बसेपर्यंत थोडा फरक चालेल. डाव्या-उजव्या बाजूंत मात्र तो ठळक दिसला, तर एखादी स्प्रिंग आपल्या खाचेत बसलेली नाही असे धरून ते चाक लगेच पुन्हा उघडायला लावा.