अनुभव धागा: जाहिरातीने तुमच्यात काय कमी काढली?

रामबागवाली
इंदूरकर आणि माजी इंदूरकर बायांनो (बुवांनाही मज्जाव नाही), रंग, केस, काखा, टाचा, जे काही जाहिरातीने तुमच्या मनात भरवलं ते इथे लिहा. आधी अनुभव, भांडणं मागाहून.

मी सुरुवात करते. फेअर अँड लव्हलीची ती हवाईसुंदरीवाली जाहिरात आठवते? 'मुलगा असता तर' म्हणून हळहळणारे वडील, क्रीम लावून उजळलेली मुलगी आणि मग विमानातली नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली आणि 2003 मध्ये ती बंद पडली. आमच्या आजीची मात्र ती लाडकी. "पोरीने बापाचे पांग फेडले गं," म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

काउंटरमागची
राजवाड्याजवळच्या एका दुकानात मी लिपस्टिक-क्रीमच्या काउंटरवर होते. कंपनीची बाई शिकवायला यायची. पहिला धडा: माल नंतर, आधी आरसा. गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायचा, वरचा पांढरा दिवा लावायचा आणि हळूच म्हणायचं, "दीदी, यहाँ थोड़ा डल लग रहा है." त्या दिव्याखाली कुणीही डलच दिसतं, मीसुद्धा. पुढचं काम बाई स्वतःच करते.

लग्नसराईत नवरीशी बोलायचंच नाही, तिच्या आईशी बोलायचं. आई घाबरलेली असते. सासू सोबत असली तर मोठी बाटली हमखास जाते. (सासूला दाखवायचं असतं की आम्ही सुनेवर खर्च करतो.)

निमगोरी
जेल रोडच्या स्टुडिओत स्थळासाठी फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, "नाकडोळे छान आहेत ताई, रंगाचं मी बघतो." मी काही विचारलंच नव्हतं! शादी डॉट कॉमने 2020 मध्ये रंगाची चाळणी काढली म्हणे. आपल्या मंडळाच्या वधूवर फॉर्मात 'वर्ण' रकाना अजून आहे, आणि आईने माझ्या हातातून पेन घेऊन तिथे जे भरलं, तेच मी इथे नाव म्हणून घेतलंय.

होस्टेलवाला
बुवा बोलतो. 2005 साली फेअर अँड हँडसम आली, तेव्हा मी कॉलेजात. जाहिरातीत पोरगा बायकांची क्रीम चोरून लावतो म्हणून त्याची टर उडवतात. म्हणजे सावळा असणं लाजिरवाणं, आणि बायकांची वस्तू वापरणं त्याहून लाजिरवाणं. आमच्या खोलीत एकच ट्यूब, पाच मालक, आणि ती आपली आहे असं एकही कबूल करायचा नाही.

सत्तरी पार
सगळं टीव्हीच्या माथी मारू नका गं. माझ्या लग्नात घरी टीव्ही नव्हता, तरी मावशी रोज डाळीचं पीठ, साय, हळद चोळायची आणि "जरा उजळ हो" म्हणायची. आणि मला लिपस्टिक आवडते. लॅक्मे 1952 पासून आहे. मी पहिल्या पगारातून घेतली ती नवऱ्यापासून लपवून, त्याच्यासाठी नव्हे.

रामबागवाली
काकू, तुमचं म्हणणं कबूल. पण मावशी पिठाचे पैसे मागत नव्हती.
काउंटरमागची, 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला ना, की सावळी माणसं दुःखी किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवायची नाहीत. मग दुकानात काही बदललं?

काउंटरमागची
तो नियम जाहिरातीला. मी काउंटरवर काय बोलते ते ऐकायला कोण येणार? 2020 मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं, तेव्हा बायका जुनंच नाव घेऊन मागायच्या. आमचे शेठ म्हणायचे, "वही है दीदी, बस डब्बा बदला है."

होस्टेलवाला
आणि पुरुष गिऱ्हाईक आलं तर? त्यालाही आरसा?

काउंटरमागची
छे! त्याला विचारायचं, "भैया, भाभी के लिए क्या दिखाऊँ?"