लॉगिन फेल झालं की मागे क्रोम आणि सर्व्हर तसेच चालू राहतात, क्लीनअप लिहूनसुद्धा

नाईटरन_पुणे:
नमस्कार मंडळी, दोन आठवडे एकाच गोष्टीवर अडकलेय म्हणून इथे विचारतेय. आमचा रिग्रेशन सूट (जुनं काही मोडलं नाही ना हे तपासणाऱ्या टेस्ट) पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट-टूलवर आणि ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियमवर आहे, रात्री जेनकिन्स या जॉब आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर चालतो, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. परवा रात्री स्टेजिंग (रिलीजआधी टेस्टिंगसाठीचा सेटअप) स्लो होतं म्हणून लॉगिनवाल्या काही टेस्ट पडल्या, ते समजू शकते, पण तासाभराने रिपोर्टच्या टेस्ट, ज्या ब्राउझर उघडतसुद्धा नाहीत, त्यापण धडाधड पडायला लागल्या आणि सगळीकडे एकच एरर, 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी', म्हणजे डेटाबेसची कनेक्शन संपली. सकाळी मशीनवर बघितलं तर वीसेक क्रोम आणि तेवढेच आमच्या ॲपचे सर्व्हर प्रोसेस चालूच. प्रत्येक सर्व्हर सुरू होतानाच डेटाबेसची ५ कनेक्शन धरून बसतो.

आता मला न कळणारी गोष्ट ही की क्लीनअप लिहिलेलं आहे! एकच फिक्श्चर (टेस्टआधीची तयारी आणि नंतरची आवराआवर करणारं फंक्शन) आहे, त्यात आधी सर्व्हर सुरू, मग क्रोम, मग लॉगिन, मग यील्ड (इथे फिक्श्चर थांबतं आणि टेस्ट चालते), आणि यील्डच्या खाली ब्राउझर बंद आणि सर्व्हर टर्मिनेट. टेस्ट फेल झाली तरी यील्डखालचं चालतं असंच वाचलंय ना सगळीकडे?

सेलेनियम_सातारा:
ताई, पहिलं हे बघा की ब्राउझर क्लोजने बंद करताय का क्विटने. क्लोजने फक्त समोरची विंडो जाते, क्रोमला हुकूम देणारा क्रोमड्रायव्हर मागे तसाच राहतो. आणि पोस्टग्रेसमध्ये डिफॉल्ट १०० कनेक्शनच असतात, तूर्तास ती वाढवून घ्या म्हणजे रात्र तरी निघेल.

नाईटरन_पुणे:
क्विटच आहे दादा. कनेक्शन वाढवून बघितली, फक्त एरर तासभर उशिरा यायला लागला.

फिक्श्चरवाला:
तुमचं लॉगिन यील्डच्या वर आहे, तिथेच सगळं अडलंय. टेस्ट फेल झाली तर यील्डखालचं चालतं हे बरोबर, पण इथे टेस्ट सुरूच झालेली नाही, फिक्श्चरच अर्ध्यात पडलंय. यील्डपर्यंत गाडी पोचलीच नाही तर खालच्या ओळी पायटेस्ट चालवत नाही. रिपोर्टमध्ये नीट बघा, त्या टेस्टपुढे फेल्ड नसेल, एरर असेल.

तीन फिक्श्चर करा. एक फक्त सर्व्हरचं, त्यावर अवलंबून एक फक्त क्रोमचं, त्यावर लॉगिनचं. लॉगिन पडलं तरी आधीची दोन यील्डपर्यंत पोचलेली असतात, त्यामुळे पायटेस्ट ती उलट्या क्रमाने आवरतो, आधी क्रोम मग सर्व्हर. दुसरा फायदा म्हणजे आज तुमच्याकडे क्विट करतानाच काही फाटलं तर खालची सर्व्हर टर्मिनेटची ओळ राहूनच जाते, वेगळं केलं की तसं होणार नाही. मी स्वतः एक नियम पाळतो, वस्तू हातात आली की पुढच्याच ओळीत ती परत करायची सोय, मध्ये काहीही नाही.

युनिटटेस्टवर (पायथनच्या स्वतःच्या टेस्ट-लायब्ररीवर) असणाऱ्यांनी पण बघून घ्या, सेटअप (तयारी) पडला तर टेअरडाउन (आवराआवर) बोलावलाच जात नाही, पण ॲड-क्लीनअपने नोंदवलेलं तरीही चालतं, म्हणून तिथे तेच वापरा.

बिल्डमास्तर:
एवढं कशाला, जॉबच्या सुरुवातीला सगळे क्रोम किल करायचे, आम्ही तेच करतो.

फिक्श्चरवाला:
भाऊ, त्याच मशीनवर दुसऱ्या टीमचा जॉब चालू असेल तर त्यांचे क्रोम मध्येच मरतात आणि बिचारे दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. माझ्यावर आलंय हे, दोन दिवस गेले होते. कृपा करून नका करू.

बिल्डमास्तर:
हे खरंय, शेअर्ड मशीनचा विचार केला नव्हता. पण एक सांगतो, जेनकिन्सने टाइमआउटवर जॉब ॲबॉर्ट केला की सिगटर्म (प्रोसेसला बंद हो सांगणारा सिग्नल) येतो आणि पायथन तिथल्या तिथे थांबतो, शेवटी आवरायला लिहिलेला फायनली नाही की टेअरडाउन नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर जे आवरलं जातं ते इथे होत नाही. त्यासाठी अख्खा रन डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या डब्यात) घाला आणि जेनकिन्स पाइपलाइनच्या पोस्ट-ऑलवेजमध्ये (जॉब कसाही संपला तरी चालणाऱ्या भागात) तो कंटेनर काढून टाका, मग आतले क्रोम सर्व्हर सगळे एकदम जातात आणि दुसऱ्या कुणाला धक्का लागत नाही.

नाईटरन_पुणे:
फिक्श्चरवाला, खूप खूप आभार! लॉगमध्ये खरंच एरर ॲट सेटअप लिहिलेलं होतं, मी रोज फक्त फेल्ड शोधत होते. तीन तुकडे केले, लॉगिनचा पासवर्ड मुद्दाम चुकवून तीस टेस्ट चालवल्या, तीसही पडल्या आणि शेवटी मशीनवर एकही क्रोम नाही, एकही सर्व्हर नाही. कंटेनरचं उद्या करते.

एकच राहिलं, फेल झाल्यावरचा स्क्रीनशॉट मी टेअरडाउनमध्ये घेत होते, आता कधीकधी क्रोम आधीच बंद झालेला असतो.

फिक्श्चरवाला:
तो टेअरडाउनमधून काढा. कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टच्या सामायिक फाइलमध्ये) मेक-रिपोर्टचा हुक (प्रत्येक टप्प्यानंतर पायटेस्ट आपणहून बोलावतो ते फंक्शन) लिहा, तो टेस्ट संपल्यावर पण फिक्श्चर आवरायच्या आधी चालतो, तेव्हा क्रोम जिवंत असतो. सेटअपचा टप्पा पडला तरी तो बोलावला जातो, म्हणजे लॉगिन अडकलं त्या पानाचा फोटोपण मिळेल. फक्त स्क्रीनशॉटची ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आली तरी पुढे जाऊ देणाऱ्या ब्लॉकमध्ये) ठेवा, क्रोमच क्रॅश झाला असेल तर हुक फाटून अख्खा रन थांबतो.