पक्षांतर आणि अमेरिकेतले उजवे: दिशा नेते ठरवतात की प्रायमरीचे मतदार?

अटकेपार

रॉबर्ट केनेडी ज्युनियर आणि तुलसी गॅबर्ड ट्रम्प सरकारात आल्यापासून एक मत सारखं ऐकू येतं की डेमोक्रॅटिक पक्ष सोडून आलेल्यांनी रिपब्लिकन पक्षाचा विचारच बदलला. मला ते पटत नाही. मतदार आधी सरकतो, नेता त्याच्या मागून जातो.

आर्लेन स्पेक्टर यांचं उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांच्या अर्थव्यवस्था सावरण्याच्या ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजला मत देणाऱ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांपैकी एक. तिथली प्रायमरी बंद, म्हणजे पक्षाचे नोंदणीकृत मतदारच उमेदवार निवडतात. पक्ष सोडताना स्पेक्टर यांनीच सांगितलं होतं की राज्यातल्या दोन लाखांहून जास्त रिपब्लिकन मतदारांनी आपली नोंदणी डेमोक्रॅटिक करून घेतली. मवाळ मतदार गेले आणि उरलेले त्यांचे पक्षातले उजवे प्रतिस्पर्धी पॅट टूमी यांच्या बाजूचे. २८ एप्रिल २००९ ला स्पेक्टर डेमोक्रॅट झाले, मे २०१० मध्ये त्या पक्षाच्या प्रायमरीत जो सेस्टॅक यांच्याकडून हरले, आणि जागा टूमींनी घेतली. अलाबामाचे पार्कर ग्रिफिथ नेमके उलट गेले. डिसेंबर २००९ मध्ये डेमोक्रॅटचे रिपब्लिकन झाले आणि सहा महिन्यांत रिपब्लिकन प्रायमरीतच पडले. नव्या पक्षाच्या मतदारांनी दोघांनाही स्वीकारलं नाही. असे लोक विचारधारा काय वळवणार?

चौकस

तुम्ही हरलेलेच निवडले आहेत. जिंकलेले बघा.

डेमोक्रॅट सिनेटर स्ट्रॉम थरमंड सप्टेंबर १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी रिपब्लिकन झाले. त्या नोव्हेंबरात गोल्डवॉटर यांना सहाच राज्यं मिळाली. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना, बाकी पाच खोल दक्षिणेतली, आणि त्यात थरमंड यांचं साउथ कॅरोलायना होतंच. रेगन १९६२ पर्यंत डेमोक्रॅट होते. टेक्ससचे कनिष्ठ सभागृहातले सदस्य फिल ग्रॅम डेमोक्रॅट असताना १९८१ मध्ये रेगन यांच्या अर्थसंकल्पाचे सहप्रायोजक होते. जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या पक्षाने त्यांना बजेट समितीतून काढलं. त्यांनी राजीनामा दिला, फेब्रुवारीत त्याच जागेवर रिपब्लिकन म्हणून पोटनिवडणूक जिंकली, पुढे सिनेटमध्ये गेले आणि १९८५ च्या तूट-कपातीच्या कायद्याला त्यांचं नाव लागलं. एका पिढीचा कॉन्झर्व्हेटिव्ह अर्थविचार बाहेरून आलेल्यांनी घडवला आहे.

केनेडींचंही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५२ रिपब्लिकन सिनेटरांनी त्यांना आरोग्यमंत्री केलं, पक्षातून विरोध एकट्या मॅकॉनेल यांचा. जूनमध्ये त्यांनी लसीकरण सल्लागार समितीचे सतराच्या सतरा सदस्य काढले. दहा वर्षांपूर्वी हा रिपब्लिकन कार्यक्रम नव्हता.

मीरा

दोघांच्या बोलण्यात एक व्यावहारिक बाब सुटली आहे. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, पक्ष सोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत तसा कायदाच नाही, जागा ज्याची त्याच्याकडे राहते. ग्रॅम यांनी राजीनामा दिला तो स्वखुशीने. किंमत द्यावी लागते ती समित्यांमधल्या ज्येष्ठतेत. स्पेक्टर यांना २००९ मध्ये समित्यांत शेवटच्या क्रमांकावर बसवलं. याउलट व्हरमॉन्टचे रिपब्लिकन सिनेटर जिम जेफर्ड्स मे २००१ मध्ये अपक्ष होऊन डेमोक्रॅट्ससोबत बसले तेव्हा सिनेट ५०-५० होती. त्यांच्या एका पावलाने बहुमत डेमोक्रॅट्सकडे गेलं आणि त्यांना पर्यावरण समितीचं अध्यक्षपद मिळालं.

म्हणून पक्षांतराचं वजन विचारांपेक्षा संख्येवर ठरतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात १२० जागा आहेत, गव्हर्नरचा व्हेटो उलटवायला सगळे हजर असताना ७२ मतं लागतात. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या डेमोक्रॅट सदस्य ट्रिशा कोथम रिपब्लिकन झाल्या आणि तो आकडा भरला. पुढच्याच महिन्यात व्हेटो उलटवून १२ आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर, काही अपवाद ठेवून, बंदी आली. त्या राज्यातल्या बायकांसाठी हा एका माणसाचा निर्णय किती मोठा होता, याचा विचार करा.

अटकेपार

कोथम यांचं उदाहरण मान्य, पण तिथे कायदा मंजूर झाला, पक्षाचा विचार बदलला नाही. ती बंदी रिपब्लिकनांना आधीपासून हवी होती.

ग्रॅम यांचं तर माझ्याच बाजूने आहे. दक्षिणेतला कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार आधीच रेगनकडे गेला होता, म्हणून त्यांना ती जागा परत मिळाली. आजच्या आयात शुल्काचं आणि स्थलांतरविरोधाचं मूळही तसंच जुनं आहे. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन याच मुद्द्यांवर न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे ३७ टक्के मतं घेऊन गेले. तो मतदार तिथेच होता, २०१६ मध्ये ट्रम्पना मिळाला. ट्रम्प यांच्याविरुद्ध गेलेल्या लिझ चेनी यांनी पक्ष सोडला नव्हता, तरी ऑगस्ट २०२२ च्या वायोमिंग प्रायमरीत त्या मोठ्या फरकाने हरल्या. केनेडी आले तोवर घर बांधून झालं होतं.

सह्यकडा

पण दिशा खरंच बदलली का, हे तपासायला माणसं मोजू नका, कायदे वाचा.

जुलै २०२५ चा मोठा करकायदा सिनेटमध्ये ५१-५० ने मंजूर झाला. टिलिस, पॉल आणि कॉलिन्स हे तीन रिपब्लिकन विरोधात, बरोबरी उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी फोडली. त्यात २०१७ ची वैयक्तिक करकपात कायम झाली आणि मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेला, मोठी कात्री लागली. कामगारांचा पक्ष व्हा म्हणणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांनी मे महिन्यात मेडिकेड कपातीविरुद्ध लेख लिहिला, जुलैत मत बाजूने दिलं. मला हे गंभीर वाटतं, कारण मेडिकेडवर जगणारी बरीच गरीब कुटुंबं आज रिपब्लिकन मतदार आहेत.

२०२५ चं नवं आयात शुल्क मात्र राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी आलं. काँग्रेसने त्यावर मतदान करून ते लावलेलं नाही. उलट एप्रिल २०२५ मध्ये कॅनडावरच्या शुल्काविरुद्धचा ठराव सिनेटने ५१-४८ ने मंजूर केला, चार रिपब्लिकनांच्या मतांसह. म्हणजे नवा विचार आदेशात आणि जुना कायद्यात आहे. आदेश पुढचा अध्यक्ष एका सहीने मागे घेऊ शकतो.

चौकस

त्याच करकायद्यात टिप्सवर २५,००० डॉलरपर्यंतची आणि ओव्हरटाइमवरची कर वजावट आहे. रेगनकाळी करसुधारणा म्हणजे सवलती काढून दर खाली आणणं. १९८६ चा कायदा तोच होता. वेटर आणि ओव्हरटाइम करणाऱ्या कामगारांसाठी वेगळी सवलत ही त्या विचारात बसत नाही, तरीही ती कायद्यात आली आहे.

सह्यकडा

आली आहे, पण फक्त २०२८ पर्यंत. वरच्या उत्पन्नाचे कमी केलेले दर मात्र मुदतीशिवाय आहेत. ही सवलत वाढवायला रिपब्लिकन सिनेटर पैसे शोधतात की ती संपू देतात, ते मतदान मला गॅबर्ड किंवा केनेडींच्या येण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.