मदत हवी आहे: बाळंतविड्यात स्वेटर विणून देऊ की नको?

लोकरगुंडा: भाचीला दुसरं बाळ होणार आहे. पहिल्याच्या वेळी फोर प्लाय लोकरीचा पांढरा स्वेटर, टोपडं, मोजे सगळं विणून दिलं होतं. परवा तिच्याकडे कपाटातून दुपटं काढताना तो स्वेटर दिसला. मी घातलेली घडी तशीच, आतली लवंगांची पुरचुंडीही तशीच. महिनाभर रात्री जागून विणला होता हो. फार वाईट वाटलं. आता पुन्हा विणू की विकतचा आणू? उद्या लोकर आणायला जायचंय, लवकर सांगा.

रेवा७: भाची राहते कुठे? बाळ कोणत्या महिन्यात? मुंबईत असेल तर लोकर घालणार कधी?

क्रोशावाली आजी: लोकर राहू दे. सुती धाग्याचं क्रोशाचं जाळीदार दुपटं कर. माझ्या पाचही नातवंडांना केलं.

अनघा_म: आजी, जाळीत बाळाची बोटं अडकतात. माझ्या लेकाची करंगळी अडकून लाल झाली होती. गळ्याला रिबीनही नको.

क्रोशावाली आजी: वीण बारीक असली की काही अडकत नाही. आमची पाचही त्यातच वाढली.

दहानंबरी सुई: मशीनमध्ये टाकला असेल. अस्सल लोकर गरम पाण्यात आटते. अ‍ॅक्रिलिक घ्या, फक्त इस्त्री फिरवू नका, लोळागोळा होतो.

रेवा७: अहो, घडीसुद्धा मोडलेली नाही, आटेल कसा?

मृणाल_क: माझ्याकडे आत्येसासूबाईंनी विणलेला आहे. इतका सुंदर, की बाळ त्यावर दूध काढेल म्हणून घालायचा धीरच होईना. तोवर बाळ मोठं झालं. नावडता होता म्हणून नव्हे, ताई.

विणकरीण: गळा कसा होता? डोक्यातून घालायचा?

लोकरगुंडा: हो, बंद गळा. भाची नागपूरला, बाळ जूनमध्ये.

विणकरीण: मग नवजात मापाचा विणूच नका. नागपूरची थंडी पडेल तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असेल. छाती साधारण 17 इंच, स्वेटर 19 इंच धरा. पुढून उघडा, बटणं पक्की शिवा. बाळाचं डोकं मोठं असतं आणि गळ्याचे टाके आपण घट्ट बंद करतो, तिथेच अडतं. आणि भाचीला विचारा तरी!

लोकरगुंडा: विचारलं तर हिशेब मागते असं वाटेल तिला.

दहानंबरी सुई: मोज्याची टाच वळवताना माझ्या कडेला भोकं पडतात, कुणी सांगेल का?

विणकरीण: त्याचा चर्चेचा वेगळा धागा काढा.

लोकरगुंडा: केला फोन. गळा डोक्यातून जाईना, बाळ किंचाळलं, म्हणून पुन्हा तशीच घडी घालून ठेवला, आणि मला सांगायला हिला जड गेलं. "मावशी, मोरपंखी विण, पण बटणांचा," म्हणाली. विणकरीणताई, 19 इंचाला दहा नंबरच्या सुईवर टाके किती घालू?

विणकरीण: आधी नमुन्याला 30 टाक्यांचा चौकोन विणा, मोजा, मग सांगते.