मदत हवी आहे: टाकीला तडा, शुक्रवारच्या आत दुरुस्ती हवी

घाटवाट, सोमवार रात्री १०:४०
टाकीला तडा गेलाय, खालून टपकतंय. एम-सील लावून पाहिलं, दोन दिवसही टिकलं नाही. शुक्रवारी पहाटे दापोलीला निघायचंय, आईबाबा सोबत आहेत, त्यामुळे तारीख हलवता येत नाही. पुण्यात हे काम कोण करतं? की सरळ नवी घ्यावी? लवकर सांगा, माझ्याकडे उद्याचा एकच सुट्टीचा दिवस आहे.

चाकवत, रात्री १०:५८
गच्चीवरची का? आमच्या सोसायटीची मागच्या उन्हाळ्यात अशीच गेली. डागडुजीच्या नादी लागू नका, पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो. नवी घेताना आयएस १२७०१ चा शिक्का बघून घ्या. आणि टाकी चार विटांवर ठेवू नका, बुडाला सगळीकडून सपाट आधार लागतो. आमची त्यानेच फुटली.

घाटवाट, रात्री ११:०५
घरची नाही हो, कॅरॅव्हॅनची! स्कॉर्पिओमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर आहे. सांडपाण्याची टाकी.

गिअरबॉक्स, रात्री ११:२०
एम-सील नीट लावलं नसणार. आधी टाकी पूर्ण सुकवायची, पॉलिश पेपर मारायचा, दोन्ही रंग एकसारखे होईपर्यंत मळायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. माझ्या बाथरूमच्या पाइपाला लावलेलं १० वर्षं टिकलंय.

घाटवाट, रात्री ११:३१
सगळं तसंच केलं होतं. वाळून दगड झालं. काल कडेला नख घातलं तर पापडासारखं अख्खं निघून हातात आलं. खाली टाकी अगदी स्वच्छ, एक कण चिकटलेला नव्हता.

मुळशीवारा, मंगळवार सकाळी ६:५०
यातच उत्तर आहे. टाकी बहुतेक पॉलिथिलीनची असणार. त्याला एम-सील काय, अराल्डाइट काय, काहीच धरत नाही. गिअरबॉक्स यांचा पाइप पीव्हीसीचा असेल, म्हणून तिथे टिकलं.
पण माहिती अर्धवट आहे. सांडपाणी म्हणजे नुसतं सिंक आणि अंघोळीचं, की संडासाचंही? तडा कुठे आणि किती लांब? टाकी किती लिटरची? आणि ती चासीला कशी अडकवली आहे? हे शेवटचं नक्की सांगा.

फेअरिंग३५०, सकाळी ८:१०
एवढं अवघड नाहीये. जुन्या प्लास्टिकचे तुकडे एसीटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवा, लापशीसारखं होतं. ते तड्यात भरा, वरून जाळीचा तुकडा दाबा. मी बाइकची दोन फेअरिंग, म्हणजे बाहेरची प्लास्टिकची कव्हरं, अशी जोडली आहेत, जोड दिसतसुद्धा नाही.

मुळशीवारा, सकाळी ८:२४
फेअरिंग एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचं होतं म्हणून जमलं. एबीएस एसीटोनमध्ये विरघळतं, पॉलिथिलीनला काही होत नाही.

फेअरिंग३५०, सकाळी ८:३०
परदेशी कॅरॅव्हॅनमध्ये एबीएसच्याही टाक्या असतात. न बघता पॉलिथिलीन कसं ठरवलंत?

मुळशीवारा, सकाळी ८:४१
असतात, मान्य. म्हणून तपासू. घाटवाट, टाकीच्या कडेची नखाएवढी कपची ब्लेडने काढा. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, नाहीतर हलकी कपची नुसती पृष्ठभागावर अडकून राहते. मग ती बोटाने तळाला दाबून सोडा. वर आली तर पॉलिथिलीन किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन), तळाशी राहिली तर एबीएस किंवा पीव्हीसी.

रानभूल, सकाळी ९:०२
दापोलीला ताम्हिणीवरून जाणार की वरंध्यावरून? मागे ट्रेलर असेल तर ताम्हिणी–माणगावच बरं. वरंध्याची वळणं फार आवळ आहेत. कर्द्याच्या किनाऱ्यावर वाळूत मात्र गाडी उतरवू नका, आम्ही ट्रॅक्टर बोलावून काढली होती.

घाटवाट, सकाळी ९:४५
ताम्हिणीच. ताई, कपची टुणकन वर आली. काडीपेटीने पेटवून विझवली तर मेणबत्तीसारखा वास आला. उभ्या बाजूवर २ हा आकडा असलेला त्रिकोणही सापडला, आधी चिखलाखाली होता.
संडास वेगळा आहे, ही फक्त सिंक आणि अंघोळीची. बाहेरून १०० × ५० × १५ सेंमी, म्हणजे ७५ लिटर. तडा आउटलेटच्या कॉलरपासून बुडाच्या कोपऱ्यापर्यंत, चार बोटं. टाकी दोन लोखंडी पट्ट्यांवर लटकते.

मुळशीवारा, सकाळी १०:०५
२ म्हणजे एचडीपीई, पॉलिथिलीनचाच एक प्रकार. हिला वेल्डिंगच हवं. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग व्ही आकाराची खाच काढायची, वरचा जुना चकचकीत थर खरवडायचा आणि हॉट एअर गनने त्याच प्लास्टिकचा रॉड भरायचा. भोसरी एमआयडीसीत प्लेटिंगवाल्यांसाठी (धातूवर मुलामा चढवणाऱ्यांसाठी) प्लास्टिकच्या टाक्या बनवणारे आहेत, त्यांचं हे रोजचं काम. त्यांच्याकडे पीपीचा रॉड जास्त चालतो, पीपी एचडीपीईला नीट धरत नाही, म्हणून आधी फोनवर ‘एचडीपीई रॉड आहे का’ एवढंच विचारा. नाना पेठेत बंपर जोडणारे स्वस्तात करतील, पण बंपरमधून पाणी गळायचा प्रश्न नसतो.

कढई, सकाळी १०:३०
वेल्डिंगपेक्षा ३०४ स्टेनलेसची बनवून घ्या. जन्माचं काम. प्लास्टिकवर माझा विश्वास नाही.

गिअरबॉक्स, सकाळी १०:४४
वजन बघा की. या मापाला साधारण १.४५ चौरस मीटर पत्रा लागतो. १.५ मिमीचा घेतला तरी टाकी १७ किलोच्या पुढे. प्लास्टिकची ७ किलोची असेल. एम-सीलबाबत मी चुकलो, पण हे मान्य नाही.

कढई, सकाळी १०:५०
स्कॉर्पिओला १० किलोने काय फरक पडतो?

मुळशीवारा, सकाळी ११:१५
फरक पट्ट्यांना पडतो. घाटवाट, गाडी चालवताना टाकी भरलेली असते का?

घाटवाट, सकाळी ११:२२
बहुतेक वेळा हो. रस्त्याकडेला साबणाचं पाणी सोडायला मन धजत नाही, म्हणून घरी आणून बाथरूममध्ये रिकामी करतो. गेल्या वेळी काशीदहून भरलेलीच आणली.

मुळशीवारा, सकाळी ११:४०
तुमचा हेतू चांगला आहे, पण तडा त्यानेच गेलाय. ७५ लिटर म्हणजे ७५ किलो. ते दोन पट्ट्यांवर प्रत्येक स्पीडब्रेकरला उसळतं आणि सगळा ताण आउटलेटच्या कॉलरवर येतो, कारण खालचा पाइप चासीला घट्ट बांधलेला असतो. नुसतं वेल्डिंग केलंत तर बाजूला नवा तडा जाईल. चाकवत यांनी पहिल्याच प्रतिसादात बुडाच्या आधाराचं लिहिलं ते इथेही तंतोतंत लागू आहे. अँगलची चौकट करा, तिच्यावर १८ मिमी मरीन प्लाय, वर रबराची चटई. आउटलेट आणि पाइप यांच्यात वीतभर लवचिक नळी टाका. आणि निघण्यापूर्वी टाकी रिकामी करा.

रानभूल, सकाळी ११:५५
रिकामी कुठे करणार हाच प्रश्न आहे. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, पण घाटात सांडपाणी सोडायची जागा मला तरी दिसली नाही. आम्ही मुक्कामाच्या होमस्टेवाल्यांना विचारून त्यांच्या शोषखड्ड्यात सोडतो. कोणी नाही म्हणालं नाही.

चाकवत, दुपारी १२:१०
पुण्यातही पावसाळी गटारात सोडू नका, ते थेट ओढ्यात आणि मग मुठेत जातं. ड्रेनेजच्या चेंबरमध्येच सोडा.

घाटवाट, बुधवार रात्री ९:३०
काल दुपारी टाकी उतरवली. पट्टी आणि टाकी यांच्यातलं रबर केव्हाच गळून पडलं होतं, लोखंड थेट प्लास्टिकवर घासत होतं आणि तिथे बोट बसेल एवढा चर पडलाय. ताई, हे तुम्ही न बघता ओळखलंत. भोसरीत तिसऱ्या फोनला एचडीपीई रॉड मिळाला. कारागिराने चराच्या जागीही पट्टा भरून दिला, आतून आणि बाहेरून मिळून ८०० रुपये घेतले. रात्रभर काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवली होती, सकाळी कागद कोरडा. चौकट आज संध्याकाळी झाली. उद्या प्लाय बसवून टाकी चढवतो.
लवचिक नळी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल का? दीड इंची हवी.

गिअरबॉक्स, रात्री ९:४१
मिळेल. जुन्या पाइपाचा तुकडा कापून सोबत न्या, दीड इंच आतून की बाहेरून यावर दुकानात गोंधळ होतो. क्लिप स्टीलच्याच घ्या.